उधारीवर मिळालेली रेल्वे

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वाण्याच्या दुकानात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. देशादेशांमधला मोठा व्यापार मात्र उधारीशिवाय हलत नाही. विमाने, वीजप्रकल्प, रेल्वेगाड्या रोखीने घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून विकणाऱ्याच्या पाठीशी त्याचे सरकार उभे राहते. ते गिऱ्हाईकाला कर्ज देते, नाहीतर पैसे बुडाल्यास भरपाईची हमी घेते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटनने अशा हमीसाठी सरकारी खाते उघडले. निर्यातीला कर्ज व हमी देणारी अमेरिकेची एक्झिम बँक १९३४ ची.

या उधारीत किती ताकद असते, हे इंडोनेशियात दिसले. जकार्ता ते बांडुंग या सुमारे १४२ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेसाठी २०१५ मध्ये जपान आणि चीन समोरासमोर आले. जपानची वेगवान रेल्वे, शिंकान्सेन, पन्नास वर्षे धावत होती. जपानने मार्गाची पाहणीही आधीच केली होती आणि त्याचे व्याज चीनपेक्षा कितीतरी कमी होते. तरी काम चीनला मिळाले. जपानला कर्जासाठी इंडोनेशिया सरकारची हमी हवी होती, चीनने ती मागितली नाही. तिजोरीवर बोजा नको म्हणणाऱ्या सरकारला आणखी काय हवे? खर्चाचा सुमारे पाऊण वाटा चिनी सरकारी बँकेने कर्जाने दिला. पुढे खर्च फुगला आणि २०२१ मध्ये त्याच सरकारला अर्थसंकल्पातला पैसा या रेल्वेसाठी वापरण्याची मुभा द्यावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाडी धावू लागली. कागदावर नसलेली जोखीम शेवटी इंडोनेशियाच्याच करदात्याच्या दारात आली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इंडोनेशियात हरलेल्या जपानने त्याच वर्षी डिसेंबरात भारताशी मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा करार केला. व्याज फक्त ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही, आणि खर्चाच्या ८१ टक्क्यांपर्यंत कर्ज. हे विकास-साहाय्याचे कर्ज आहे, नेहमीचे निर्यात कर्ज नव्हे. पण त्याच्यासोबत शिंकान्सेनचे तंत्र आले, हे विसरता येत नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर या स्थानकांची नावे ऐकताना व्याजाचा आकडा पाहून आपण हुरळून जाऊ नये. कर्ज येनमध्ये आहे. रुपया येनसमोर घसरला, की हप्ता वाढणार.

सवलतीच्या उधारीची अशी चढाओढ आवरण्यासाठी श्रीमंत देशांनी १९७८ मध्ये आपसांत मर्यादा ठरवल्या. निर्यात कर्जाचे व्याज ठरावीक पातळीखाली न्यायचे नाही, गिऱ्हाईकाने मूळ नियमानुसार किमान १५ टक्के रक्कम आधी भरायची. चीन या समझोत्यात नाही. त्यामुळे मोठ्या कंत्राटांच्या शर्यतीत सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही, आणि नियम पाळणाऱ्याचा हात आखडतो.

निर्यातीला आधार देणारी साधने आपल्याकडेही आहेत. निर्यातदाराच्या पैशाचा विमा उतरवणारी, आज ईसीजीसी म्हणून ओळखली जाणारी सरकारी कंपनी १९५७ पासून आहे; भारतीय एक्झिम बँक १९८२ पासून. दोघींची मुख्यालये मुंबईतच. परदेशी गिऱ्हाईक दिवाळखोर झाले, त्याने पैसे थकवले किंवा युद्धाने वसुली अडली, तर हा विमा कामी येतो. मालाच्या दर्जावरून वाद झाला तर मात्र तो सहसा आधार देत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

द्राक्षे, बेदाणा, कापड, यंत्राचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. नवे गिऱ्हाईक भेटले, की भाव ठरवण्याआधी त्याची पत तपासा, आणि विमा कंटेनर बंदरातून सुटण्यापूर्वी उतरवा, नंतर नव्हे.