मुकादमाच्या डोक्यावरही डबेच

साहेबाने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, एवढ्याने माणसं मनापासून काम करतात का? याचं उत्तर मुंबईत अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनबाहेर सकाळी दहाच्या सुमाराला पाहायला मिळतं.

पांढऱ्या टोपीतले डबेवाले घरोघरून आणलेले जेवणाचे डबे खाली मांडतात, झाकणावरचे रंग, आकडे, अक्षरं पाहून ते झपाट्याने वेगळे करतात आणि लाकडी पाट्यांत भरून लोकल गाठतात. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायात बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर भागातली.

त्यांच्या गटाचा प्रमुख म्हणजे मुकादम. तो अनुभवी असतो, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि आपसातली भांडणं मिटवतो. पण त्याला वेगळी केबिन नाही. कुणी आजारी पडला, तर त्याची लाइन सांभाळायला गटातला जादा माणूस जातो, वेळ पडली तर मुकादम स्वतः पाटी उचलतो. इथे कुणी पगारी नोकर नाही. गटाच्या कमाईतून खर्च वजा जाता उरलेलं वाटून घ्यायचं. शिस्तही आहे: टोपी नसेल किंवा कामावर नशा केली, तर दंड.

आपल्या ऑफिसात सगळ्यांना भागीदार करता येणार नाही. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. नियम साहेबालाही लागू करा, रजेवरच्या माणसाच्या कामाची सोय आधीच ठरवा, आणि अडचणीच्या दिवशी स्वतः हात लावा.