नशेपायी गेलेली फौजेची नोकरी : दाद कुठे आणि कशी मागावी

सैन्यातली नोकरी तीन प्रकारे संपवली जाते : बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे आणि सेवामुक्ती. घरी परतलेल्या जवानाच्या अंगावरून वर्दी तिन्ही वेळा उतरलेली असते, पण कायद्याच्या नजरेत या तिन्हींत मोठे अंतर आहे. अमली पदार्थाचे सेवन, ते जवळ बाळगणे किंवा नशेत केलेले गैरवर्तन यामुळे नोकरी गेली असेल, तर यांपैकी कोणता शेरा कागदावर पडला यावर पेन्शन, पुढची नोकरी आणि गावातली पत ठरते. हा शेरा बदलून घेता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या मार्गाने, हे फौजी घराण्यांना ठाऊक असणे गरजेचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात तर हा घरोघरचा विषय आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा, कागल या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले भरती होत आली आहेत. शिरोळ तालुक्यातले टाकळी तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखले जाते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि कोल्हापुरात प्रादेशिक सेनेची १०९ इन्फंट्री बटालियन आहे. अशा मुलखात एखादा जवान पेन्शनीआधीच घरी बसला की त्याची चर्चा होते, पण त्याला दाद मागायचा हक्क आहे हे सांगणारा सहसा कोणी भेटत नाही.

आधी परिणाम पाहू. बडतर्फ झालेल्याला आधीच्या सगळ्या नोकरीची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात ती मंजूर होऊ शकते. सेवेतून काढून टाकलेल्याच्या बाबतीत पेन्शनीचा विचार होऊ शकतो, पण तो हक्क नव्हे. सेवामुक्त झालेल्या जवानाची पात्र सेवा १५ वर्षे भरली असेल, तर त्याला सेवा पेन्शन मिळते. गैरवर्तनामुळे घरी पाठवलेल्या माणसाला शासकीय व्याख्येप्रमाणे माजी सैनिक मानले जात नाही. त्यामुळे महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीतले माजी सैनिकांचे १५ टक्के समांतर आरक्षण त्याला लागू होत नाही. पेन्शन नसली की माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेचे औषधपाणीही नाही. ही झळ एकट्या जवानाला बसत नाही, बायकोमुलांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांनाही बसते.

नशेचा गुन्हा लष्करी कायद्यात दोन-तीन अंगांनी येतो. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४८ मध्ये नशेत सापडणे हा गुन्हा आहे, मग माणूस ड्युटीवर असो वा नसो. दारूबरोबर अमली पदार्थाचाही त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. ड्युटी सोपवता येणार नाही अशी अवस्था, बेशिस्त वागणे किंवा सैन्याची अब्रू जाईल असे वर्तन, यांपैकी काहीही घडले तरी तो माणूस नशेत होता असे धरले जाते. शिस्तभंगासाठी कलम ६३ आहे. गांजा, चरस, अफू किंवा हेरॉइन जवळ सापडले तर १९८५ चा एनडीपीएस कायदाही लागतो, आणि सेना अधिनियमाच्या कलम ६९ खाली असा नागरी गुन्हा लष्करी न्यायालयात चालवता येतो.

कारवाई दोन वाटांनी होते. पहिली वाट कोर्ट मार्शलची. शिपाई ते हवालदार या दर्जाच्या जवानांवर बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शल चालते. त्यात कमान अधिकारी स्वतःच न्यायालय असतो आणि तो बडतर्फीची शिक्षा देऊ शकतो. दुसरी वाट प्रशासकीय कारवाईची. कलम २० खाली ब्रिगेड कमांडर किंवा त्याहून वरचा अधिकारी जवानाला बडतर्फ करू शकतो किंवा काढून टाकू शकतो. सेना नियम १९५४ च्या नियम १३ खाली जवानाला ‘नको असलेला सैनिक’ म्हणून सेवामुक्तही करता येते. वारंवार शिक्षा होऊन सेवापत्रकावर चार लाल शाईच्या नोंदी जमल्या की बहुधा याच नियमाचा आधार घेतला जातो.

आपल्यावर नेमकी कोणती कारवाई झाली हे कित्येक जवानांनाच सांगता येत नाही. ते कळण्याचा साधा मार्ग कायद्यानेच दिला आहे. कलम २३ प्रमाणे सेवा संपलेल्या प्रत्येक जवानाला कमान अधिकाऱ्याने प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि तेही जवानाच्या मातृभाषेत व इंग्रजीत. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : सेवा कोणत्या अधिकाऱ्याने संपवली, कोणत्या कारणाने संपवली आणि एकूण नोकरी किती झाली. दाद मागण्याची सुरुवात या कागदापासून होते. त्यावरच्या कलमावरून आणि तारखेवरून पुढचा अर्ज कुठे करायचा आणि मुदत किती उरली हे ठरते.

असा शेरा बदलून घेण्यासाठी अमेरिकेत स्वतंत्र मंडळे आहेत. सेवामुक्तीनंतर १५ वर्षांच्या आत तिथल्या पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करून शेरा वरच्या दर्जाचा करून मागता येतो. व्हिएतनाम युद्धात हजारो सैनिक अमली पदार्थांच्या आहारी गेले, तेव्हा १९७१ मध्ये अशा सेवामुक्तींचा फेरविचार करण्याचे धोरण तिथे आले. २०१४ आणि २०१७ मध्ये आणखी सूचना निघाल्या. युद्धाच्या मानसिक आघातातून गैरवर्तन घडले असेल, तर मंडळांनी उदार दृष्टीने विचार करावा, असे त्यांत सांगितले आहे. भारतात शेरा बदलून देणारे असे वेगळे मंडळ नाही. इथे मूळ आदेशालाच आव्हान द्यावे लागते. आदेश रद्द झाला किंवा सौम्य झाला, तरच शेरा बदलतो.

आव्हानाची पहिली पायरी सैन्यातच आहे. अन्यायाविरुद्ध तक्रार करायला अधिकारी नसलेल्या जवानांसाठी कलम २६ आणि अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. शिक्षा कोर्ट मार्शलची असेल तर कलम १६४ खाली वरिष्ठ अधिकारी, लष्करप्रमुख किंवा केंद्र सरकारकडे याचिका करता येते. समरी कोर्ट मार्शलचे कागद कलम १६२ प्रमाणे डिव्हिजन किंवा ब्रिगेडच्या अधिकाऱ्याकडे जातातच, आणि तो निकाल रद्द करू शकतो किंवा शिक्षा कमी करू शकतो. कार्यवाही बेकायदा किंवा अन्यायाची असेल, तर कलम १६५ खाली ती पूर्णपणे रद्दही होऊ शकते.

दुसरी पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. नोकरी संपलेला माणूस राहत्या ठिकाणच्या पीठाकडे अर्ज करू शकतो. म्हणून जवानाची पलटण काश्मीरला असली आणि रेकॉर्ड ऑफिस बेळगावला असले, तरी कोल्हापूरच्या जवानाला मुंबईत दाद मागता येते. प्रशासकीय कारवाईविरुद्ध त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज आणि कोर्ट मार्शलविरुद्ध कलम १५ खाली अपील करायचे असते. कलम १५ मध्ये न्यायाधिकरणाला शिक्षा माफ करण्याचा, सौम्य करण्याचा किंवा तिच्या जागी हलकी शिक्षा देण्याचा अधिकार आहे. बडतर्फीच्या जागी सेवामुक्ती मिळते ती याच अधिकाराने. ज्याची १५ वर्षे भरली आहेत त्याच्यासाठी तेवढ्या बदलानेही पेन्शनीचा मार्ग खुला होतो.

न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मधल्या काळात हा मार्ग अरुंद झाला होता. २०२३ च्या परशोतम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मोकळा केला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. एखादे प्रकरण मुंबईला चालेल की कोल्हापूरला, हे कारवाईचे ठिकाण पाहून वकिलाने ठरवायचे असते.

न्यायालये मुख्यतः तीन गोष्टी तपासतात. पहिली, कारवाईची रीत. कोर्ट मार्शलच्या आधी आरोपीला आरोप कळवल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास मिळाले पाहिजेत. प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात ही मुदत २४ तासांची आहे. म्हणून आरोपपत्र हाती पडल्याची वेळ आणि खटला सुरू झाल्याची वेळ शेजारी मांडून पाहावी. काही प्रकरणांत सगळा खटला तेवढ्या फरकावर कोसळतो. जवानाने गुन्हा कबूल केला असेल, तर त्या कबुलीचा परिणाम काय होईल हे न्यायालयाने त्याला नियम ११५ प्रमाणे समजावून सांगितले होते का, तेही पाहावे. प्रशासकीय बडतर्फीत, आधी न्यायालयात दोष सिद्ध झालेला नसेल तर, आरोपाचा तपशील कळवून लेखी उत्तराला वाजवी वेळ सहसा द्यावा लागतो. पदार्थ सापडल्याच्या प्रकरणात पंचनामा, सील आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकमेकांशी जुळतात का, हेही महत्त्वाचे ठरते.

लाल शाईच्या नोंदींबाबत २०१५ चा वीरेंद्रकुमार दुबे खटला मार्गदर्शक आहे. चार नोंदी झाल्या म्हणून जवानाला आपोआप घरी पाठवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. सेना मुख्यालयाच्या डिसेंबर १९८८ च्या पत्राप्रमाणे आधी निःपक्ष चौकशी व्हायला हवी. नोकरी किती झाली, ती किती खडतर जागी झाली आणि पेन्शन किती जवळ आली आहे, याचाही विचार व्हायला हवा. दुबे यांना पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत असल्याचे मानण्यात आले. मागचा पगार मात्र मिळाला नाही.

दुसरी गोष्ट, गुन्हा आणि शिक्षा यांचे प्रमाण. १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यात जेवण नाकारल्याबद्दल एका जवानाला एक वर्ष कैद आणि बडतर्फी झाली होती. ही शिक्षा विवेकाला धक्का देणारी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाने तक्रार केली होती तोच न्यायासनावर बसला होता, हेही तिथे दोषाचे ठरले. १९९१ मध्ये सरदार सिंग खटल्यात रजेवर निघालेल्या नाईकाजवळ परवानगीपेक्षा जास्त दारूच्या बाटल्या सापडल्या होत्या. त्यासाठी दिलेली कैद आणि बडतर्फी फार कठोर ठरली आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगण्यात आले.

तिसरी गोष्ट, आजार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. जवान व्यसनाधीन होता, त्याची तपासणी व्हायला हवी होती, ती न करता थेट शिक्षा झाली, असे कागदांतून दाखवता आले तर शिक्षा कमी करून मागण्याला बळ मिळते. लष्करी रुग्णालयातल्या नोंदी, मेडिकल कॅटेगरी बदलल्याचे कागद आणि खडतर पोस्टिंगचा तपशील यासाठीच जपून ठेवायचा. वैद्यकीय मंडळामार्फत घरी येणे बडतर्फीपेक्षा कितीतरी बरे. पण निव्वळ व्यसनातून आलेल्या अपंगत्वाला अपंगत्व पेन्शन मिळत नाही, असा नियम आहे.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जवानांच्या हाती शस्त्रे आणि दारूगोळा असतो, म्हणून नशेच्या बाबतीत सैन्य कडक असते आणि न्यायालये ते मान्य करतात. स्वतः सेवन करणे आणि पदार्थ विकणे किंवा साथीदारांना पुरवणे यांत ती मोठा फरक करतात. विक्रीच्या प्रकरणात सहानुभूतीला जागा जवळजवळ नसते. रीत पाळली गेली असेल आणि जवान पुन्हापुन्हा चुकला असेल, तर आदेश कायम राहतो. २०१९ च्या सतगुर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वारंवार गैरहजर राहणाऱ्या जवानाची सेवामुक्ती उचलून धरली.

बरीच प्रकरणे गुणदोषांपर्यंत पोचतच नाहीत, ती मुदतीतच अडकतात. सैन्यातल्या तक्रारीवर अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. तक्रारीला सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तर त्यापुढचे सहा महिने मिळतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण लाजेपायी गप्प बसलो हे कारण सहसा टिकत नाही. पेन्शनीच्या थकबाकीसारखा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय म्हणून बडतर्फीकडे पाहिले जात नाही. शिवाय पेन्शन नसलेल्यांची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. म्हणून आदेश हाती पडताच माहितीच्या अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसकडून सेवापत्रक, कारणे दाखवा नोटीस, त्यावरचे उत्तर आणि चौकशीचे कागद मागवावेत. खटल्याच्या कार्यवाहीची प्रत मिळणे हा तर आरोपीचा हक्कच आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मदत मिळते. अर्जदाराचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून मोफत वकील मागता येतो.

जो जवान अजून नोकरीत आहे त्याच्यासाठी सगळ्यांत मोठे संरक्षण आहे ते वेळीच घेतलेले उपचार. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या कायद्याखालच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. लष्करी शिस्तीची कारवाई त्याने आपोआप टळत नाही. पण आजार म्हणून नोंद झालेला जवान आणि गुन्ह्यात पकडला गेलेला जवान यांच्या प्रकरणाकडे पाहण्याची नजर वेगळी असते. घरी परतलेल्यांसाठी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय मदत क्रमांकही आहेत. उपचाराचे कागद पुढे न्यायाधिकरणासमोरही उपयोगी पडतात, कारण शिक्षा सौम्य करताना हा माणूस आज सावरला आहे का, हा प्रश्न समोर येतोच.