वनस्पतींचे अर्क आणि यकृताचे रक्षण : पुराव्याची पारख

बाहेरून शरीरात शिरणारे औषध, मद्य, कीटकनाशकाचा अंश किंवा कारखान्यातील द्रावक यांची विल्हेवाट लावण्याचे काम मुख्यतः यकृताकडे असते, आणि ते काम करतानाच यकृताला विषाचा पहिला घाव सोसावा लागतो. वनस्पतींच्या अर्कांमध्ये अवयवरक्षणाचे गुण शोधणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग म्हणूनच यकृताभोवती फिरतो. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधाने मूत्रपिंडाला होणारी इजा किंवा डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारी इजा यांवरही असे प्रयोग होतात; परंतु त्यांची मांडणी बहुतांशी यकृतावरील प्रयोगांच्याच धर्तीवर झालेली असल्याने, यकृताचे उदाहरण नीट समजले की बाकीच्यांचे मर्म कळायला वेळ लागत नाही.

कार्बन टेट्राक्लोराइड हे या क्षेत्रातील जुने आणि ठरलेले विष होय. एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांत वापरला जाणारा हा द्रव मुळात फारसा क्रियाशील नसतो. यकृताच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० नावाचा एन्झाइमांचा एक गट असतो. त्यातील २ई१ हे एन्झाइम या द्रवाच्या रेणूतील एक क्लोरीन अणू तोडते, आणि जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा एक अस्थिर तुकडा मागे उरतो. अशा तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात. तो पेशीच्या आवरणातील स्निग्ध रेणूंवर तुटून पडतो, त्यांतून नवी मुक्त मूलके निर्माण होतात आणि आवरण साखळीने सडत जाते. या प्रक्रियेला मेदांचे परऑक्सिडीकरण असे नाव आहे. घरोघरी असलेल्या पॅरासिटामॉलची तऱ्हा हीच. नेहमीच्या मात्रेत त्याचा अगदी थोडा भाग या एन्झाइमांच्या वाटेने जाऊन ‘नॅपक्वी’ नावाचा विषारी पदार्थ बनतो आणि ग्लुटाथिओन हा पेशीतील संरक्षक रेणू त्याला लगेच बांधून टाकतो. मात्रा बेसुमार झाली की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि नॅपक्वी पेशीतील प्रथिनांना चिकटू लागतो. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिचेल, जॉलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडून दाखवली. दोन्ही उदाहरणांत विष यकृतातच तयार होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी लागते.

विद्यापीठांच्या औषधनिर्माण विभागांतून दरवर्षी होणाऱ्या या प्रयोगांचा साचा जवळजवळ एकच असतो. पाने किंवा मुळ्या सावलीत वाळवून त्यांची भरड पूड करतात, ती सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलने धुऊन अर्क काढतात, अल्कोहोल उडवून उरलेला चिकट गोळा पाण्यात कालवतात आणि पांढऱ्या घुशींना शरीराच्या दर किलो वजनामागे २०० किंवा ४०० मिलिग्रॅम या हिशेबाने आठवडाभर पाजतात. सातव्या दिवशी तेलात मिसळलेले कार्बन टेट्राक्लोराइड देतात आणि चोवीस तासांनी रक्त काढतात. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतील एन्झाइमे रक्तात पाझरतात. रुग्णांच्या परिचयाच्या एसजीओटी आणि एसजीपीटी या तपासण्या त्याच पाझराचे माप होत. यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर नुसते विष दिलेल्या घुशीत मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी, म्हणजे जेथे २ई१ हे एन्झाइम सर्वाधिक असते तेथील पेशी, मेलेल्या दिसतात, आणि अर्क दिलेल्या घुशीत त्या बऱ्याच अंशी शाबूत असतात. त्यावरून अर्क यकृतरक्षक असल्याचा निष्कर्ष निघतो आणि शोधनिबंध छापला जातो.

या निष्कर्षातील उणीव त्याच्या वेळापत्रकात आहे. अर्क आठवडाभर आधी दिलेला असतो. त्यातील एखाद्या घटकाने २ई१ या एन्झाइमालाच अडवले, तर विष तयारच होत नाही, आणि एन्झाइमांचे आकडे, सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र, परऑक्सिडीकरणाचे माप असे सगळेच आपोआप सुधारलेले दिसते. ऑक्सिडीकरण कमी झाले हे खरे असते. पण त्यामुळे पेशी वाचल्या, की पेशी वाचल्यामुळे ऑक्सिडीकरण घडले नाही, हा कार्यकारणाचा प्रश्न तसाच राहतो. कॅन्सस विद्यापीठातील हार्टमुट येश्के यांनी या प्रकारच्या संशोधनावर याच मुद्द्यावरून वारंवार टीका केली आहे. अर्क विरघळवण्यासाठी वापरले जाणारे डायमिथिल सल्फॉक्साइड हे द्रावक स्वतःच या एन्झाइमांना रोखते, त्यामुळे तुलनेच्या गटाला तेच द्रावक त्याच प्रमाणात दिलेले नसेल तर श्रेय द्रावकाचे आणि नाव वनस्पतीचे, असा प्रकार घडतो. शिवाय पॅरासिटामॉलच्या विषाला घूस फारशी दाद देत नाही, म्हणून तिच्यापेक्षा छोटा उंदीर माणसाला जवळचा ठरतो. तरीही घुशींवरचे प्रयोग थांबलेले नाहीत. हा सवयीचा भाग म्हणावा लागेल.

मात्रेचा हिशेबही सहसा कोणी पुरा करत नाही. घुशीची दर किलोमागची मात्रा माणसाला लागू करताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ती सुमारे ६.२ने भागतात. त्यानुसार ४०० मिलिग्रॅमचे साधारण ६५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम सुका अर्क लागेल. आणि वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर रोजचा पाला चाळीस ग्रॅमच्या घरात जातो.

परीक्षानळीतील चाचण्यांवर विसंबणे तर अधिकच फसवे आहे. डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकला की रंग उतरून पिवळा होतो, आणि अर्क ऑक्सिडीकरणरोधक ठरतो. परंतु पोटातून गेलेली वनस्पतींतील फिनॉल वर्गाची रसायने आतड्यातून थोडीच शोषली जातात आणि यकृत त्यांनाही परके समजून झपाट्याने बाहेर काढते. उलट पेशीत ग्लुटाथिओन त्यांच्या हजारो पटींनी अधिक हजर असते. मुक्त मूलके प्रत्यक्ष टिपण्याचे काम ही रसायने शरीरात फारसे करत असतील असे मानणे त्यामुळे अवघड आहे. अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की, यांतील काही रसायने पेशीला किंचित त्रास देतात आणि त्या त्रासाला उत्तर म्हणून एनआरएफ-२ हे प्रथिन पेशीकेंद्रात जाऊन ग्लुटाथिओन बनवणाऱ्या व विषे निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुके जागी करते. किंचित त्रास आणि इजा यांतील अंतर मात्र मात्रेवर व व्यक्तीवर अवलंबून असते.

या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेले नाव सिलिमारिन. भूमध्य सागराच्या काठी उगवणाऱ्या सिलिबम मारियानम या काटेरी झुडपाच्या बियांतून मिळणारे हे मिश्रण १९६८ मध्ये म्युनिकमध्ये वाग्नर आणि सहकाऱ्यांनी वेगळे केले, आणि घुशींवरील प्रयोगांत आजही तुलनेसाठी तेच वापरले जाते. माणसांवरील निकाल मात्र एकसारखे नाहीत. १९८९ मध्ये व्हिएन्नातील फेरेन्सी यांच्या गटाने यकृत आक्रसलेल्या, म्हणजे सिरॉसिसच्या, १७० रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा चार वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण सिलिमारिन घेणाऱ्यांत ५८ टक्के आणि इतरांत ३९ टक्के आढळले. स्पेनमध्ये मद्यामुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, असा लाभ दिसला नाही. आणि २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा अधिक मात्रा देऊनही ते खोट्या गोळीच्या पुढे गेले नाही. अमानिटा फॅलॉइडीस या प्राणघातक अळंबीची विषबाधा झाल्यास युरोपात याच मिश्रणातील सिलिबिनिन शिरेतून देतात. येथे त्याचे काम ठाऊक आहे: अळंबीचे विष ज्या दारातून यकृताच्या पेशीत शिरते ते दार सिलिबिनिन अडवते. हे रक्षण खरेच आहे, पण त्याचा मुक्त मूलकांशी संबंध थोडा आणि एका ठरावीक विषाशी जास्त आहे.

भुईआवळ्याची कथा महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळची. कावीळ उतरवणारे गावोगाव आहेत आणि त्यांच्या झाडपाल्यात भुईआवळा बहुधा असतोच. हिपॅटायटिस ए या विषाणूची कावीळ बहुसंख्य रुग्णांत आपली आपण बरी होते, त्यामुळे कोणत्याही पाल्याला यश मिळते, ही गोष्ट सोडून दिली तरी शास्त्रीय चाचणीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे प्रसिद्ध केले, की भुईआवळा घेतलेल्या हिपॅटायटिस बीच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रथिन नाहीसे झाले, तर तुलनेच्या गटात २३ पैकी एकाच्याच. जगभर खळबळ उडाली. पण थायलंडसह इतर ठिकाणी तसा परिणाम मिळाला नाही, आणि ती आशा विरली.

गुळवेलीच्या बाबतीत मुंबईनेच दोन्ही बाजू पाहिल्या. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, ज्या मराठी वाचकांना लेखिका म्हणूनही परिचित आहेत, आणि त्यांचे सहकारी यांनी पित्तमार्ग तुंबल्याने कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना गुळवेल दिली. १९९३ च्या त्यांच्या अहवालात पित्ताचा निचरा केल्यानंतर वाचलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४० टक्के आणि गुळवेलीसह ९२.४ टक्के होते. रुग्ण थोडे होते, तरी येथे निकष रुग्ण जगला की नाही हा होता, एसजीपीटीचा आकडा नव्हे; आणि कारण म्हणून पुढे आलेली गोष्ट ऑक्सिडीकरण रोखणे नसून जंतूंशी लढणाऱ्या पेशी सतेज करणे ही होती. कोरोनाच्या साथीत याच प्रतिकारशक्तीच्या आशेने घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांतील इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी होती. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढील वर्षी देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अहवाल दिला. सतेज करणारा गुण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच वाकडी आहे त्याला बाधावा, यात विसंगती नाही.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर आज रुग्णालयांत दिला जाणारा उतारा एन-ॲसिटिल सिस्टीन हा आहे. तो ग्लुटाथिओनचा साठा भरून काढतो, गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत दिल्यास यकृत जवळजवळ पूर्णपणे वाचवतो, आणि तो विषानंतर दिला जातो. नव्या अर्काची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळांनी यापुढे अर्क विषानंतर द्यावा, एन्झाइमाला तो अडवतो की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे, तुलनेला हा उतारा ठेवावा आणि वनस्पतीचा ओळख पटवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जपून ठेवावा. आणि काढा घेणाऱ्या रुग्णाने वनस्पतीचे नाव व ती किती दिवस घेतली हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे.