प्रीती, रहस्य आणि समुद्रकाठचे एक गाव

रहस्यकथा म्हटली की आपल्यापैकी काही मंडळी नाक मुरडतात. विद्यार्थ्याच्या दप्तरात तसले पुस्तक सापडले, की ते गुरुजींच्या टेबलाच्या खणात जाते. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा त्याच रात्री गुरुजी ते वाचून संपवतात! रहस्याला प्रीतीची जोड असली, म्हणजे तर विचारूच नका. आज मला अशाच कादंबऱ्यांविषयी आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत. समुद्रकाठचे लहानसे गाव, त्यात एक जुना वाडा, बाहेरून आलेली कोणी तरुणी आणि मनात काही दडवून बसलेला पुरुष, असा त्यांचा साधारण साचा. हा साचा लोकप्रिय करण्यात डाफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेचा वाटा फार मोठा आहे.

इंग्लंडचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. नैर्ऋत्येला जमिनीचे एक निमुळते टोक समुद्रात शिरलेले दिसेल. तो कॉर्नवॉल प्रांत. खडकाळ किनारा, आत शिरलेल्या खाड्या, कथलाच्या जुन्या खाणी, कोळ्यांची गावे आणि क्षणात सगळे झाकून टाकणारे धुके. तिथे एका नदीच्या मुखाशी फॉय नावाचे छोटे बंदर आहे. चिनी मातीची भांडी जिच्यापासून करतात ती पांढरी माती या बंदरातून जहाजांत भरून परदेशी जाई. १९०७ साली लंडनमध्ये जन्मलेली डाफ्ने विशीच्या सुमारास इथे आली आणि इथलीच होऊन गेली. खाडीपलीकडे, तर लागते तिथेच, तिच्या घरच्यांनी एक घर घेतले होते. त्या घरात तिने पहिली कादंबरी लिहिली. ती १९३१ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९३६ साली 'जमैका इन', १९३८ साली 'रेबेका' आणि १९५१ साली 'माय कझिन रेचल' आली. १९८९ साली ती वारली, तीही याच प्रांतात.

आता 'रेबेका'ची गोष्ट थोडक्यात सांगतो. रहस्य फोडावे लागणार, त्याबद्दल क्षमा असावी. एक गरीब, भिडस्त मुलगी माँटे कार्लोला एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून राहते आहे. तिथे मॅक्सिम डी विंटर या विधुर जमीनदाराशी तिची ओळख होते. लग्न होते आणि ती त्याच्या समुद्रकाठच्या मँडर्ली या वाड्यात येते. पाहते तो काय, वाड्यात पहिल्या बायकोचे, रेबेकाचे, राज्य अजून चालूच आहे! तिचे कपडे, तिचे हस्ताक्षर, तिने लावलेली शिस्त, आणि तिची आठवण देवासारखी पुजणारी कारभारीण मिसेस डॅनव्हर्स. रेबेका होडी उलटून बुडाली, असे गाव सांगते. आपल्या नवऱ्याचे मन अजून तिच्यातच गुंतले आहे, या समजुतीने नवी सून झुरत राहते.

आणि मग समुद्र बोलतो. धुक्यात वाट चुकून एक जहाज वाड्याखालच्या किनाऱ्याला लागते. जहाजाचे बूड तपासायला पाणबुड्या खाली उतरतो, तो त्याला रेबेकाची बुडालेली होडी सापडते. आणि तिच्या खोलीत एक प्रेत! पूर्वी दुसऱ्याच एका बाईचे प्रेत मॅक्सिमने 'हीच रेबेका' म्हणून ओळखले होते आणि तेच पुरले होते. आता कॉरोनरपुढे चौकशी होते. तिथे कोणी मोठा गुप्तहेर येत नाही बरं का. गावातला होड्या बांधणारा कारागीर उभा राहतो आणि सांगतो, की होडीच्या फळ्यांना भोके आतल्या बाजूने पाडली आहेत आणि बुडाच्या झडपा उघड्या आहेत. आपल्या हातच्या कामावर ठपका येऊ नये, एवढीच त्याची तळमळ. पण त्यातून सत्याची कड दिसू लागते. लेखिकेला हे सुचायला आजूबाजूचा मुलूख कारण झाला असावा. मँडर्लीसाठी तिच्या डोळ्यांपुढे असलेले मेनाबिली हे वेलींनी वेढलेले ओसाड घर फॉयजवळच होते आणि त्याखालच्या खाडीत १९३० साली एक जहाज फुटले होते. १९४३ साली ते घर तिने भाड्याने घेतले आणि पंचवीसहून अधिक वर्षे तिथे संसार केला.

अशा गोष्टीला समुद्रकाठचे लहान गाव का लागते, हे यावरून कळेल. मोठ्या शहरात माणूस हरवला तर शेजाऱ्याला पत्ता नसतो. लहान गावात कोणाची होडी कधी सुटली, कोणाच्या खिडकीत दिवा होता, हे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र ठाऊक असलेले सगळेच बोलले जात नाही. समुद्राचेही तसेच. तो गिळतो, झाकतो, आणि केव्हातरी पुन्हा काठावर आणून टाकतो.

पण श्रोतेहो, माझा खरा मुद्दा पुढेच आहे. चौकशीपूर्वी मॅक्सिम बायकोजवळ कबुली देतो, की रेबेकाला त्यानेच गोळी घालून मारले, प्रेत होडीत ठेवले आणि होडी बुडवली. हे ऐकून त्या मुलीच्या मनात पहिल्याने काय येते? 'म्हणजे याचे तिच्यावर प्रेम नव्हते तर!' तिला हायसे वाटते. वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारतो, "या क्षणी तुम्ही कोणाच्या बाजूला होता?" जवळजवळ सगळे म्हणतात, "तिच्या." मग विचारतो, "आणि मेलेल्या बाईच्या?" वर्ग गप्प होतो. मीही पहिल्या वाचनात गप्पच झालो होतो. एका खुनावर पांघरूण पडावे, खुनी सुटावा, म्हणून आपण पाने उलटत होतो, हे मागाहून ध्यानात येते.

रेबेका साध्वी होती, असे माझे म्हणणे नाही. ती क्रूर होती असे मॅक्सिम सांगतो. किनाऱ्यावर भटकणारा भोळसट बेनही तिला भिऊन असतो. पण जे कळते ते दुसऱ्यांच्या तोंडून. तिची बाजू सांगायला ती नाही. आणि ती दुष्ट होती एवढे पटले, की तिला मारणारा आपल्याला मारणारा वाटेनासा होतो! १९४० साली हिचकॉकने या कथेवर चित्रपट काढला, त्यात तिचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला; कारण बायकोचा खून करून नायक मोकळा राहिलेला त्या वेळच्या अमेरिकन चित्रपटांच्या नियमांना चालत नव्हता. नियम करणाऱ्यांना जे खटकले, ते आपल्याला वाचताना खटकले नव्हते. आपल्याकडे १९६४ साली याच कथेवरून 'कोहरा' हा हिंदी चित्रपट निघाला. वहिदा रेहमान त्यात नायिका होत्या.

'माय कझिन रेचल'मध्ये लेखिका एक पाऊल पुढे जाते. तिथे फिलिप नावाचा तरुण सांगतो, की रेचल या विधवेवर आपले प्रेम जडले, आणि तिनेच आपल्या भावाला विष दिले असावे असा संशयही आला. ती जीव घेणारी की निरपराध? निकाल लागण्यापूर्वीच ती मरते, आणि त्या मरणाला फिलिपचे मौन कारण होते. पूल कच्चा आहे हे त्याला ठाऊक असते. तो तिला सांगत नाही. कादंबरी संपते, पण प्रश्न सुटत नाही.

आता आपल्या गावाकडे या. विहिरीत बाई सापडली, की पंचनामा व्हायच्या आधीच पारावर गोष्ट तयार असते. 'पाय घसरला', 'डोक्यावर परिणाम झाला होता', 'स्वभावच तसा होता'. सांगणारे सगळे जिवंत असतात. जिच्याविषयी सांगतात ती तेवढी बोलू शकत नाही. त्या गोष्टी खोट्याच असतात असे नव्हे. पण सांगणारा कोण, त्याचा त्यात काय लाभ आणि जी मुकी झाली तिची बाजू कोण मांडणार, हे विचारणारा एक तरी माणूस पारावर असावा की नाही?

म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे. पोराच्या दप्तरात अशी कादंबरी सापडली, तर ती वाचा आणि परत करा. परत करताना एवढेच विचारा, "बाळ, ही गोष्ट तुला कोणी सांगितली? आणि कोणाला सांगायला मिळाली नाही?" उत्तर शोधायला तो पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडील. त्या वेळी त्याला आडवू नका.