कॉफीची सावली

मंडळी, बसा जवळ. आज शेतीचीच गोष्ट सांगतो. पण आपल्या शेतीहून ती निराळी आहे.

आपल्याकडे चहा घरोघर. कॉफीचे झाड मात्र आपण पाहिलेले नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी होते, पण थोडी. तिचा खरा मुलूख कर्नाटकात. चिकमगळूरजवळ बाबाबुडनचे डोंगर आहेत. बाबा बुडन नावाच्या फकिराने येमेन देशातून सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या, असे तिकडे सांगतात.

आमचा एक विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. त्याने बोलावले, म्हणून आम्ही डिसेंबरात गेलो. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे उतरलो. मळा आजोबांच्या हातचा.

मळा कसला, रानच ते! वर फणस, औदुंबर, सिल्व्हर ओक. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. खाली माणसाएवढी कॉफीची झुडपे. सावलीत ज्वारी खुरटते, हे आम्ही जन्मभर पाहिलेले. आम्ही म्हटले, "एवढी झाडं कशाला? तोडा की, पीक वाढेल!"

यजमान हसले नाहीत. "चला मास्तर, दाखवतो," म्हणाले. आमचा विद्यार्थी मध्ये दुभाष्या.

शेजारचा तुकडा त्यांच्या धाकट्या भावाचा. वाटणी झाली, मुलीचे लग्न निघाले. भावाने मोठी झाडे विकली. दोन वर्षे फळ भरघोस आले. मग पाने पिवळी पडू लागली. खोडकिडा! याचा भुंगा उन्हातल्या खोडावर, सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी आत शिरून खोड पोखरते. अशा झाडाला औषध लागत नाही. उपटून जाळावे लागते. आजोबांनी लावलेली झुडपे भावाने स्वतः जाळली. आम्ही पाहिले तेव्हा तिथे नुसते खड्डे होते. आमचे तोंड बंद झाले.

नुसती सावली ठेवूनही भागत नाही, बरं का. दाट झाली तर पावसाळ्यात पाने कुजतात, फळही कमी धरते. म्हणून पावसाआधी वरच्या फांद्या छाटतात. खोडाची सुटी साल काथ्याने घासून काढतात, चुना लावतात. मार्च-एप्रिलात एक पाऊस हवाच. तो पडला की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो. पाऊस चुकला तर वर्ष गेले. त्या दिवसांत घरातले सगळे आभाळाकडे बघत असतात, अगदी आपल्यासारखेच.

आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. पिकलेले लाल फळच तोडायचे, हिरवे ठेवायचे. म्हणून एकाच झाडाकडे तीन-चार वेळा यावे लागते. फळाची साल काढतात, बी एक-दीड दिवस आंबवतात, धुतात, अंगणात वाळवतात. वाळवण घरच्या बाईंच्या ताब्यात. मूठभर बिया हातात घेऊन, "आज नाही, अजून ओल आहे," असे त्या सांगत. त्यांचा शब्द यजमानही मोडत नसत. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी निघते.

निघायच्या दिवशी धाकटा भाऊ भेटला. पावसाळ्यात त्याने पांगाऱ्याच्या फांद्या रोवल्या होत्या. पांगारा लवकर सावली धरतो. त्यांच्यामध्ये फणसाची रोपे होती, गुडघ्याएवढी. ती थोरल्याने आपल्या मळ्यातून दिलेली. आम्ही त्याचे वय विचारले. "पंचावन्न," तो म्हणाला, आणि रोपाभोवतीचे गवत काढू लागला.