तक्रारीची मुदत आणि मुलाचे वर्ष



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून कायद्याची पुस्तके वाचून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या यंत्रमागाच्या गावात एक कांडीवाली आहे. तिच्या मुलीला ऐकू कमी येते. शाळेत आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका येत असत; गेल्या जुलैत त्या यायच्या थांबल्या. बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, मालकाला लिहिता तसा एक अर्ज मला लिहून द्या." मी दिला. अर्ज चांगला होता, असे मला तेव्हा वाटले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ३२ वे कलम सांगते की, अशी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावी आणि त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावा. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. अपिलाला मात्र त्या कलमात मुदत नाही. आम्हांला दिवाळीनंतर उत्तर आले: "पद रिक्त आहे." आता, पद रिक्त आहे हीच तर आमची तक्रार! तीच आम्हांला शिक्का मारून परत मिळाली.

दुसरी वाट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची. त्यातले राज्य आयुक्त साक्षीदार बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. दिवाणी न्यायालयाचे तेवढे अधिकार त्यांना आहेत. पण शेवटी त्यांच्या हाती असते ती शिफारस. आमच्या समेट अधिकाऱ्याची जातकुळी हीच. दोन्ही पक्षांना तो समोर बसवतो, चहा पाजतो. निवाडा देणे त्याच्याकडे नाही. शिफारशीवर काय केले हे तीन महिन्यांत कळवायचे. मान्य नसेल तर कारणे आयुक्तांना कळवायची आणि तक्रारदारालाही कळवायचे. उच्च न्यायालय आहेच. पण कांडीवालीला मुंबईची एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली.

त्याच कायद्याचे २३ वे कलम वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवले. सरकारी नोकरीतल्या दिव्यांग माणसासाठी प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, त्याने नोंदवही ठेवावी, दोन आठवड्यांत चौकशी करावी. योग्यच आहे, आम्ही कामगार लोक त्याचे स्वागतच करू. पण मोठ्या माणसाला पंधरा दिवस आणि पोराला तीन महिने, हा हिशेब कोणत्या तराजूचा?

कामावरून काढलेला माणूस पाच वर्षांनी खटला जिंकला, तर त्याला मागचा पगार मिळू शकतो. असे पगार मी घेऊन दिले आहेत. दुसरीतल्या मुलीचे बुडालेले वर्ष कोणते न्यायालय थकबाकी म्हणून देईल? जुलैचा अर्ज, तीन महिने, मग अपील, मग शिफारस, पुन्हा तीन महिने. तोवर एप्रिलची परीक्षा होऊन जाते. वरच्या वर्गात ढकलले की कागदोपत्री नुकसान काहीच दिसत नाही.

आणि तक्रार असते एकटीची, रिक्त जागा सगळ्यांची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक, असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये पदे मंजूर करण्याबद्दल राज्यांना पुन्हा बजावले. ही माहिती अर्ज लिहिताना मला नव्हती. ती चूक माझी. मी एका मुलीसाठी एक शिक्षिका मागत बसलो. आसपासच्या शाळांत अशी आणखी चार मुले आहेत हे विचारलेसुद्धा नाही. गिरणीत हीच चूक कोणी केली असती, तर मी त्याला फैलावर घेतले असते.

आता पाच आयांचे अर्ज एकत्र आयुक्तांकडे गेले आहेत. नकार आला तर तो कारणांसह लेखी द्या, एवढे आम्ही त्यांत ठळक लिहिले आहे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी त्या पाचहीजणी फाटकाशी जाणार आहेत. कांडीवालीने त्या दिवसाची रजा मालकाकडून आजच मागून ठेवली आहे.