आईने केलेली वाटणी

(मातोश्रींच्या प्रथम स्मृतिदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी आणि नऊ नातवंडे. सगळ्यांच्या वतीने एकाने बोलावे असे ठरले, म्हणून हे चार शब्द.

आई मूळची बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, रेशनच्या मिलोच्या भाकरी थापल्या. विहिरी आटल्या, हाताला काम उरले नाही, तेव्हा आई-वडिलांनी थोरल्या दोघांना घेऊन मुंबईची गाडी धरली. सोबत एक वळकटी, तवा-परात आणि बाबासाहेबांचा फोटो. बस्स, एवढाच संसार!

मुंबईत दोघे नाक्यावर उभे राहायचे. मिळेल ते बिगारी काम. धाकटी दोघे झोपडीतच जन्मली. १९७६ साली झोपड्यांची गणती झाली, आमच्या दारावर नंबर पडला. आई म्हणाली, "आता कुणी इचारलं तर सांगा, आपलंबी घर हाय."

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नात्यातली माणसे अंगावरच्या कपड्यानिशी मुंबईला आली. दहा बाय दहाच्या झोपडीत आम्ही अकरा माणसे कित्येक महिने राहिलो. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. कधी नुसता चहा पिऊनच निजायची. पण "कधी जाता?" असे तिने कुणाला विचारले नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा तिने गल्लीत घरोघरी पेढे वाटले.

१९८३ साली वडील गेले. ते पालिकेत सफाई कामगार होते. त्यांच्या जागी आईला नोकरी लागली. पहाटे पाचला ती झाडू घेऊन रस्त्यावर, आणि सातला आम्ही शाळेत. लेकींना शाळेतून काढा, घरकामाला लावा, असे सांगणारे पुष्कळ भेटले. आईने ऐकले नाही. हे विहार पत्र्याचे होते आणि भिंती उभ्या राहत होत्या, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिने इथे वाळूची घमेली वाहिली, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. सही करायला ती नातवंडांकडून शिकली. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून अंबरनाथला खोली घेतली, तिच्या कागदावर अंगठा नाही, आईची सही आहे.

शेवटच्या दिवसांत त्या खोलीचा विषय निघाला. नात्यातले वडीलधारे म्हणाले, "मुलींकडून हक्कसोड करून घ्या, नाहीतर माहेर तुटेल." आई अंथरुणावर उठून बसली. म्हणाली, "लेकी काय मला रस्त्यात सापडल्या व्हय? चौघांचीबी नावं घाला. आन् खोलीवरून माहेर तुटत आसंल तर ते कसलं माहेर?"

बंधू-भगिनींनो, आईला कायदा ठाऊक नव्हता, पण ती कायद्याचेच बोलली. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाईने मृत्युपत्र केले नसेल, तर तिच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस असतात. स्त्रीला हा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि त्याच घरात बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद सरकवायचा, हे कसे चालेल?

सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांना पूर्व दिशा म्हटले आहे. योग्य वेळी लेकरांच्या हाती वारसा सोपवावा, हे त्यात आई-वडिलांचे एक कर्तव्य सांगितले आहे. आईने ते केले. आम्ही चौघांची नावे लावली. माहेर तुटले नाही. बहिणी आज इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

 एकच विनंती करतो. घरी गेल्यावर आपापल्या घराचे कागद काढा आणि त्यावर लेकीचे नाव आहे का, ते बघा. तीच आमच्या आईला आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!